धोक्याला दोन शब्द

माझ्या ओळखीच्या माणसांत माझ्या साडूंइतकं घाबरणारं कोणी नाही, आणि त्यांच्याइतकं शिस्तीत घाबरणारंही कोणी नाही. मी पोलादपूरच्या एका पतपेढीत आकडेमोड करणारा माणूस. वाढवून सांगायची मला सवय नाही. तरीही वरचं वाक्य मी दोनदा तपासून मगच तसंच ठेवलं आहे. तुम्हीआम्ही घाबरतो ते ढोबळमानाने घाबरतो. पोटात गोळा येतो, देवाचं नाव घेतो, गोळा विरला की चहा मागतो. साडूंचं तसं नाही. समोर आहे तो हॅझर्ड आहे की रिस्क, घडलं ते इन्सिडेंट की ॲक्सिडेंट, मनात चाललंय ती फिअर की अँग्झायटी, हे ते आधी ठरवतात. प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात गेली, की मग ते सावकाश घाबरायला बसतात.

महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी सेफ्टी खात्यात काढली. शिरस्त्राण, शिट्टी आणि वाळूच्या लाल बादल्या यांच्यासोबत त्यांना तिथे इंग्रजी शब्दांच्या जोड्या मिळाल्या, आणि निवृत्त होताना बाकी सगळं परत करून ते जोड्या तेवढ्या घरी घेऊन आले. मातृभाषेवर त्यांचा राग नाही, पण तक्रार आहे. “साडूभाऊ, आपल्याकडे सगळ्यालाच धोका म्हणतात हो. विजेचा खांब धोका, घाटातलं वळण धोका, साठवलेलं ॲसिड धोका. एकच शब्द सगळीकडे लावला, की माणूस कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं हेच विसरतो.” हे ते मला पहिल्यांदा सांगत होते तेव्हा माझ्या लग्नातली पंगत चालू होती आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या झुंबरावर होती.

हॅझर्ड आणि रिस्क ही त्यांची सर्वांत लाडकी जोडी. आमच्या मुलीच्या बारशाला ते आले, पाळण्याशी उभे राहिले आणि बाळाकडे बघायच्या आधी वर पंख्याकडे बघितलं. मग बायकांना म्हणाले, “पंखा हा हॅझर्ड. तो आहे तिथेच राहणार, त्याला आपण काही करू शकत नाही. पण त्याच्या खाली पाळणा ठेवणं ही रिस्क. ती आपण आपल्या हाताने घेतो. म्हणून पाळणाच हलवायचा.” पाळणा भिंतीकडे गेला. भिंतीवर घड्याळ निघालं. पाळणा खिडकीकडे गेला. खिडकीला काच निघाली. बायका पाळणागीत म्हणत होत्या आणि म्हणता म्हणताच पाळण्यामागोमाग खोलीभर सरकत होत्या. शेवटी बाळाचं नाव स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं गेलं. ते नाव जोशात सांगायला निघालेल्या आत्याबाईंना साडूंनी वाटेतच थांबवून त्यांच्या पायाखालचं पायपुसणं काढून घेतलं, ते वेगळंच.

इन्सिडेंट आणि ॲक्सिडेंट ही जोडी मला त्यांनी एका लग्नात उदाहरणासह शिकवली. मठ्ठ्याचं पातेलं कलंडलं, फरशीवर पसरलं, कोणाला काही झालं नाही. साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, “हा इन्सिडेंट. आत्ताच पुसून घ्यायला हवा.” ते फडकं आणायला गेले आणि तेवढ्यात नवरीचे मामा त्यावरून घसरून आहेराच्या टेबलाखाली गेले. साडू फडकं घेऊन परत आले, पाहिलं, आणि दुःखाने म्हणाले, “आता ॲक्सिडेंट.” मामांना उठवायचं सोडून दोन शब्दांमधलं अंतर दाखवत बसले म्हणून नवरीकडच्यांनी त्यांच्याशी बराच काळ अबोला धरला होता.

माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं कसं सोसते हा आमच्या घरात नेहमीचा प्रश्न. आम्ही तिला अक्का म्हणतो. एकदा दोघं गावाला निघाली, दाराला कुलूप घातलं, रिक्षा आली, आणि साडू पायरीवरच अडले. घर सिक्युअर होतं, पण सेफ होतं का? सिक्युअर म्हणजे बाहेरचा आत येऊ शकत नाही. सेफ म्हणजे आतलं काही आतच पेटत नाही. कुलूप उघडलं, गॅसचं बटण पाहिलं, इस्त्री पाहिली, कुलूप लावलं. रिक्षात बसल्यावर अक्का म्हणाली, “तुमच्या जोड्यांपेक्षा चपलांची जोडी परवडली. ती निदान दाराबाहेर काढून ठेवता येते.” साडूंनी मान डोलावली आणि चपला दारात वाटेत काढणं हाही हॅझर्डच, एवढंच सांगितलं.

आकड्यांच्या माणसाला, म्हणजे मला, त्यांची एक जोडी मनापासून पटते. पॉसिबल आणि प्रॉबेबल. घडू शकेल ते पॉसिबल, घडण्याचीच चिन्हं आहेत ते प्रॉबेबल. पतपेढीत कर्ज देताना आम्ही दुसरं काय बघतो? पण साडूंची अडचण अशी, की फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो आणि भीती मात्र ते दोन्हींना सारखीच वाटून देतात. नाटकाला गेले तर पडद्यापेक्षा बाहेर जायच्या दाराकडे तोंड करून बसतात. स्कूटर नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावतात, पळायला सोपं. पिशवीत विजेरी, दोर आणि शिट्टी कायम. आम्ही हसतो, तेही हसतात. फक्त एका विषयावर ते हसत नसत आणि आमचीही हसायची हिंमत होत नसे. तो विषय म्हणजे त्यांची आई.

ती वरंधच्या पुढे डोंगरात, मूळच्या वाडीवर एकटी राहते. एक घर, एक म्हैस, परड्यात भाजीचे वेल आणि पाठीशी सरळ उभा डोंगर. नवऱ्यामागे तिने शेती केली, मुलाला महाडला ठेवून शिकवलं, पण स्वतः वाडी सोडली नाही. तळीये गावावर दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून आमच्याकडे डोंगराकडे बघायची रीत बदलली. पूर्वी लोक शिखरावरचा ढग बघत. आता ढगाखालची माती बघतात. साडू तर दर रविवारी मला गाडी काढायला लावून वर जात आणि घरामागच्या उतारावरची झाडं तिरकी झालीत का ते बघत. झऱ्याचं पाणी ओंजळीत धरून गढूळ आहे का पाहत. मग ओटीवर बसून आईला समजावत.

“आये, डोंगर हा हॅझर्ड आहे. तो हलवता येत नाही. तू त्याच्या खाली राहतेस ही रिस्क आहे. तू महाडला चल.”

म्हातारी तांदूळ पाखडत असे. सुपातून नजर न काढता म्हणे, “आनि तुझ्या महाडात काय हाय? त्या साली तुझ्या घरात पानी छताला लागलं नव्हतं? गादी, कपाट, देव, समदं चिखलात. माझ्या डोंगरानं आजवर फळीवरचा पेला तरी हलवलाय?”

“पाणी सांगून येतं गं. माळ्यावर चढायला वेळ मिळतो. डोंगर सांगत नाही.”

“सांगून येतं तर दर पावसाला का भिजतोस रे? सांगितलेलं कळत नाय तुला?” मग माझ्याकडे वळून, “पाव्हणं, तुमी हिशोबाचं मानूस. तुमीच सांगा, पानी किती येळा आलं नि डोंगर किती येळा आला?”

यावर मी चहाचा कप तोंडाला लावत असे. कारण दोघांचंही गणित बरोबर होतं. पाणी पुन्हा पुन्हा येतं, पण माणूस बहुधा वाचतो. डोंगर कदाचित कधीच येणार नाही, पण आला तर बाकी शिल्लक काही ठेवत नाही. वारंवारिता एका बाजूला आणि नुकसान दुसऱ्या बाजूला. गुणाकार करायला गेलं तर दोन्हीकडे माणसंच बसलेली. त्यांना आकडा कुठला द्यायचा? दर रविवारी साडू तिला खाली बोलवत, ती त्यांना वर बोलवी, आणि निघताना एक भोपळा नाहीतर पडवळ घेऊन आम्ही जसे गेलो तसे खाली येत असू. अक्का म्हणे, “आईंना एकटं वाटत असेल हो.” साडू लगेच म्हणत, “अलोन आहे ती, लोन्ली नाही.” हाही फरक ते नेमका सांगत, पण सांगताना आवाज बारीक होई.

हे असं बरीच वर्षं चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी आषाढात तीनचार दिवस पाऊस उघडलाच नाही. डोंगराकडच्या वाड्यांना खाली शाळेत जायला सांगितलं होतं, आणि नदीकाठच्यांना सामान वर चढवायला. सकाळी साडूंचा फोन आला. एरवी ते ॲलर्ट आणि वॉर्निंग यांतला फरक सांगितल्याशिवाय हवामानावर बोलत नाहीत. ॲलर्ट म्हणजे कान टवकारा, वॉर्निंग म्हणजे पाय उचला. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “साडूभाऊ, गाडी घेऊन या. आईला आणायचंय.”

मी पोलादपुराहून महाडला पोचलो तेव्हा ते दारातच उभे होते. अक्का माळ्यावर सामान चढवत होती. तिला म्हणाले, “पाणी गल्लीत दिसलं की वरच्या बिऱ्हाडात जा,” आणि गाडीत बसले. बिरवाडी मागे पडली तरी एकही जोडी त्यांच्या तोंडून निघाली नाही. मला पावसापेक्षा त्याचीच धास्ती वाटली. रस्त्यावर लाल पाणी वाहत होतं, कडेची माती थोडी थोडी सुटत होती. वरंधच्या पुढे एका अरुंद वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला, मागे ताडपत्री ओढलेली. मी गाडी दरडीकडे दाबली. साडूंनी काच खाली केली आणि त्या पावसातही ओरडले, “अरे, हळू! मागे माणसं भरलीयस का? कॅनबरोबर माणसं नेणं सेफ नाही!”

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “काका, समदी खाली येतायत नि तुमी वर कुठं चाललाव? आधी सोताचं बघा!” आणि तो निघून गेला.

वाडीवर पोचलो तेव्हा एकाही घरातून धूर निघत नव्हता. सगळे शाळेत गेले असणार, पण साडूंच्या आईचं काय, ते सांगायला कोणी नव्हतं. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. गोठा रिकामा, दावं सोडलेलं. फोनला रेंज नाही. “आये!” साडूंनी हाक मारली. पावसात ती हाक दोन घरांपलीकडेही गेली नसेल. मग मी जे पाहिलं त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पंख्याखालचा पाळणा हलवणारा हा माणूस घराला वळसा घालून सरळ मागे गेला, उतार आणि भिंत यांच्या मधल्या बोळात, जिथे पावसाळ्यात उभं राहू नये असं त्यानेच आम्हाला अनेकदा सांगितलेलं. तिथलं झऱ्याचं पाणी चहासारखं झालं होतं. मी ओरडलो, “साडूभाऊ, तिकडे नको!” ते ऐकत नव्हते. केळीची पानं बाजूला करून, ओणवे होऊन, “आये, आये” करत प्रत्येक कोपरा बघत होते. मी आत शिरलो, त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच त्यांना अंगणात आणलं.

तेवढ्यात खालच्या वाटेवरून प्लास्टिकची खोळ पांघरलेली एक शेजारीण आली. शाळेतून आपल्या कोंबड्या न्यायला परत आली होती. साडूंना बघून तिने कपाळाला हात लावला.

“अगो बाय! तुमी हितं? म्हातारी तर सकाळच्याच दुधाच्या टेम्पोनं महाडला गेली की!”

“महाडला? कशाला?”

“तुमाला आनायला. सावित्रीचं पानी चढलं म्हनून कुनीतरी सांगितलं तिला. म्हनाली, माझ्या पोराला पोहता येत नाय, त्याला नि सुनंला वर घेऊन येते. म्हैस माझ्या हवाली केलीन, शाळंच्या मागं बांधलीय. भाकऱ्यांचं गाठोडं घेतलंन नि कॅनच्या मधी जाऊन बसली.”

साडू ओटीच्या पायरीवर मटकन बसले. त्यांच्या अंगावरून पाणी वाहत होतं. ज्या टेम्पोला ते सुरक्षिततेचे धडे देत होते, त्याच्याच ताडपत्रीखाली त्यांची आई होती, आणि ती त्यांना वाचवायला निघाली होती. महाडचा माणूस डोंगराला घाबरून वर, डोंगरातलं माणूस पुराला घाबरून खाली. आमच्या तालुक्यात एकमेकांवर जीव असला की असंच होतं. मला हसू फुटलं, पण साडूंचा चेहरा बघून मी ते गिळलं. ते उठले आणि म्हणाले, “म्हणजे आता ती पाण्यात आहे. चला.”

खाली येतानाचा रस्ता तोच, पण भीतीने तोंड फिरवलं होतं. मघाशी आम्ही वरच्या मातीकडे बघत होतो, आता पुलाखालच्या पाण्याकडे. बिरवाडीशी फोनला रेंज आली आणि अक्काचा आवाज आला, “अहो, कुठे आहात? आई आल्यात! दारात उभ्या आहेत, आत येईनात. म्हणतायत, पोरगा दिसल्याशिवाय मी टेकायची नाही. गल्लीत पाणी दिसायला लागलंय.”

“तिला वर ने,” साडू म्हणाले. “ओढून ने. तिला म्हणावं...” आणि थांबले. फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

गाडी उंचावर ठेवून आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. म्हातारी दारातच होती, लुगड्याचा काष्टा वर खोचून, एका हाताने भाकऱ्यांचं गाठोडं डोक्याशी धरून, दुसऱ्या हाताने चौकट पकडून. अक्का मागून तिला ओढत होती आणि ती हलत नव्हती. साडू दिसताच ती कडाडली.

“कुठं गेला व्हतास रे? एवढ्या पावसात घर सोडून हिंडतात व्हय?”

“तुला आणायला गेलो होतो.”

“मी काय हरवली व्हती?” ती म्हणाली. मग त्यांचे चिखलाने भरलेले कपडे तिच्या नजरेला पडले, कोपराला चिकटलेली लाल माती दिसली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. “घराच्या मागं गेला व्हतास? त्या बोळात? मुडद्या, मी सोता जात नाय तिकडं पावसात!”

म्हणजे तिलाही सगळं ठाऊक होतं. झाडं तिरकी होतात, पाणी गढूळ होतं, कुठे उभं राहू नये. इंग्रजीत नसेल, पण ठाऊक होतं. साडूंनी वाकून तिला उचललं, गाठोड्यासकट, आणि जिन्यावरून वरच्या बिऱ्हाडात नेलं. ती पाठीवर बुक्के मारत होती, ते न थांबता चढत होते.

पाणी आतल्या खोलीत गुडघाभर आलं आणि दुपारी ओसरलं. आम्ही वरच्या बिऱ्हाडात बसून त्या भाकऱ्या खाल्ल्या. चारपाच दिवसांनी वाट मोकळी झाल्यावर वाडीवर गेलो. घर उभं होतं. मागच्या बोळात मात्र उतारावरची माती येऊन बसली होती, खिडकीच्या गजांपर्यंत, केळीसकट. म्हातारी फावडं घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, “एवढीशी तर आलीय.” साडू त्या मातीकडे बघत राहिले. हा इन्सिडेंट की थोडक्यात हुकलेला नियर मिस, असं मी मुद्दाम विचारलं, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून. त्यांनी माझ्या हातातलं दुसरं फावडं घेतलं आणि माती ओढायला लागले.

वादाचा निकाल काही लागला नाही. ती महाडला राहायला येत नाही. पण आता आषाढ लागला की ती वाडी सोडते आणि खाली रस्त्यालगतच्या वस्तीत, मुंबईला असलेल्या पुतण्याच्या बंद घरात म्हशीसकट उतरते. तिथे डोंगर लांब आहे आणि नदी खूप खाली. साडूही तिथेच जाऊन राहतात, पार गौरी-गणपतीपर्यंत, आणि महाडचं सामान माळ्यावर चढवून अक्का आमच्याकडे पोलादपूरला येते. लग्नामुंजी पावसाळ्यात नसतात म्हणून बरं. नाहीतर झुंबराखाली बसू नका, हे सांगायला आमच्याकडे कोणी उरलं नसतं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यातही ते हल्ली पूर्वीइतकं सांगत नाहीत. परवा एका मुंजीत मांडवाच्या दोरीला अडखळून मीच पडलो. ते आले, हात दिला, उठवलं, “लागलं का?” एवढंच विचारलं. मी उगाच पुढच्या जोडीची वाट बघत राहिलो.

गेल्या श्रावणात भाजी आणि गोडेतेल पोचवायला मी त्या घरी गेलो होतो. साडू म्हशीला पाणी दाखवायला मागे गेले तेव्हा म्हातारीने मला खुणेने जवळ बोलावलं. तिची नजर आता मंद झाली आहे, चालताना भिंत लागते. हळू आवाजात म्हणाली, “पाव्हणं, माझं काय, पिकलं पान. पन माझ्या मागारी ह्याला जरा बघा. लहानपनापास्नं लई भितो. बाप गेला तवा सा वर्साचा व्हता. तवापास्नं रोज राती विचारायचा, आये, तू हायस ना? मी म्हनायची, हाय रे, नीज.”

मी बघतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पाऊस पुन्हा भरून आला म्हणून निघालो. गाडी वळवताना आरशात दोघं दिसली. ओटीवर शेजारी शेजारी बसली होती, समोरच्या डोंगराकडे तोंड करून. ओटीला चांगलं पत्र्याचं छप्पर होतं, आत एक थेंब येत नव्हता. तरी साडूंनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली होती.